दीडशे वर्षं एकच शेत, मग वाटण्या कुठे गेल्या?

ताई, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आलो तेव्हा मीही हेच विचारत होतो. तुम्ही लिहिता, लेकीच्या शेजारचे आजोबा सांगतात की त्यांचे पूर्वज 1850 च्या दशकात आले. फाटकावर 'हेरिटेज फार्म'ची पाटी आहे आणि जमीन अजून एकाच्याच नावावर. आपल्याकडे एवढ्या काळात सातबाऱ्यावर तीस नावं चढली असती. मग इथे भाऊ नव्हते का?

होते की, सात-आठ असायचे. पण शेत एकसंध राहिलं ते बाकीचे निघून गेले म्हणून. पाटी राहिलेल्याची असते, गेलेल्यांची कुणी लावत नाही.

आधी सरकारने सगळ्यांना फुकट जमीन वाटली ही समजूत डोक्यातून काढा. लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली 20 मे 1862 रोजी. 160 एकर घ्या, पाच वर्षं राहून कसा, मग नावावर करा. पण तोवर आयोवातली बहुतेक जमीन विकून झाली होती. त्या कायद्याचा खरा मुलूख पश्चिमेला, नेब्रास्का आणि डकोटाकडे. इथे लोकांनी सरकारला एकरी सव्वा डॉलर मोजले, नाहीतर सैनिकांचे हक्कलेख विकत घेतले. मेक्सिकोच्या लढाईतून परतलेल्या सैनिकाला सरकार 160 एकरांचा कागद द्यायचं, आणि बरेच जण तो दलालाला विकून मोकळे व्हायचे. त्यामुळे आजोबांच्या जमिनीच्या मूळ सरकारी दस्तात एखाद्या अनोळखी शिपायाचं नाव दिसलं तर दचकू नका. तो नातेवाईक नसतो.

हा 160 चा आकडा 1785 च्या मोजणीतून आला. सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन, त्याचे 36 तुकडे, प्रत्येक तुकडा 640 एकरांचा, त्याची चौथाई म्हणजे 160. विमानातून दिसतात ते काटकोनी रस्ते याच मोजणीचे.

आणि जमीन रिकामी नव्हती. 1832 च्या लढाईनंतर साक आणि मेस्क्वाकी या मूळनिवासी लोकांकडून पूर्वेकडचा पट्टा काढून घेतला, तेव्हा कुठे 1833 पासून वसाहत सुरू झाली. मेस्क्वाकींनी 1857 मध्ये टामा काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) 80 एकर जमीन पैसे मोजून परत विकत घेतली. आजही ते तिथेच आहेत. आपलीच जमीन विकत घ्यावी लागलेल्या लोकांचा हा इतिहास कुठल्याही पाटीपेक्षा जुना आहे.

आता वाटण्यांकडे येतो. वारसा कायद्याने मुलं सारखीच, पण बाप मृत्युपत्र करायचा किंवा हयातीतच व्यवहार उरकायचा. नॉर्वेजियन आणि जर्मन घरांत तर बाप एका मुलाला शेत लिहून द्यायचा आणि बदल्यात आपल्या पोटगीचा करार करून घ्यायचा. वर्षाला इतकं पीठ, इतकं सरपण, घरातली अमुक खोली, एखादी गाय. पोटच्या पोराशी लेखी करार! मला पहिल्यांदा ते विचित्र वाटलं. आता वाटतं, आपल्याकडच्या किती म्हाताऱ्यांचे हाल वाचले असते. शेत मिळालेला मुलगा मग भावंडांचे हिस्से कर्ज काढून, वर्षानुवर्षं फेडत बसायचा. बाकीचे सालगडी व्हायचे, मग कूळ, जमलं तर कुठेतरी मालक, नाहीतर रेल्वेने पश्चिमेला किंवा शहरात.

जाणाऱ्यांमधलं एक नाव तुम्हाला माहीत आहे: हरितक्रांतीचे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग. त्यांचे पणजोबा-पणजी 1854 मध्ये नॉर्वेतल्या फेओस गावातून विस्कॉन्सिनला आले, पुढे कुटुंब आयोवात क्रेस्कोजवळच्या साउदे वस्तीत स्थिरावलं. वडिलांचं शेत 106 एकरांचं. मका, ओट, गुरं, डुकरं, कोंबड्या. आठवीपर्यंत एका खोलीची, एका शिक्षकाची शाळा. 1933 मध्ये हा एकुलता एक मुलगा नांगर सोडून मिनेसोटा विद्यापीठात गेला. त्यानंतर तेहेतीस वर्षांनी, 1966 मध्ये, भारताने त्यांच्या मेक्सिकोतल्या गव्हाचं 18,000 टन बियाणं मागवलं. ते शेतातच राहिले असते तर पाटी लागली असती कदाचित, आपल्या पोळीचं काय झालं असतं कुणास ठाऊक.

राहिलेल्यांनाही सुख नव्हतं. 1930 च्या मंदीत मक्याला इतका कमी भाव आला की लोक तो शेगडीत जाळत. जप्तीच्या लिलावात शेजारी मुद्दाम काही सेंटांची बोली लावायचे, दुसऱ्याला बोलू द्यायचे नाहीत, आणि वस्तू मूळ मालकाला परत करायचे. मग 1980 चं दशक आलं. आयोवात जमिनीचा सरासरी भाव 1981 मध्ये एकरी 2,147 डॉलर होता, 1986 मध्ये 787. चढ्या भावात, चढ्या व्याजाने शेजारची जमीन घेतलेले तरुण त्यात बुडाले. ज्यांनी हात आखडता घेतला ते तरले आणि बुडालेल्यांची जमीनही पुढे त्यांनीच घेतली. आजचं सरासरी शेत साडेतीनशे एकरांच्या आसपास आहे ते अशामुळेच.

पाटीचंही एक गुपित सांगतो. मूळ जमिनीपैकी 40 एकर जरी 150 वर्षं त्याच घरात असली तरी ती मिळते. म्हणजे मधल्या काळात काय विकलं, काय परत घेतलं, ते पाटीवरून कळत नाही.

ते कळायला काउंटीच्या रेकॉर्डर ऑफिसात जा. तिथे खरेदीखतं आणि गहाणखतं ओळीने मिळतात. गहाणखतं आधी बघा, घरातले वाईट दिवस त्यातच असतात. 1875 चा अँड्रियासचा आयोवा नकाशासंग्रह पाहा, 1885 ची राज्याची जनगणना पाहा. देशाच्या 1890 च्या जनगणनेची बहुतेक कागदपत्रं आगीमुळे गेली, त्यामुळे या 1885 ला फार किंमत. चर्चच्या जुन्या वह्या नॉर्वेजियन किंवा जर्मनमध्ये असतील, पण जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी पाच-सहा शब्द शिकलात की लागतात.

आजोबांशी बोलाल तेव्हा पणजोबांपासून सुरुवात करा, ते खुशीत सांगतील. त्यांच्या भावंडांचं काय झालं ते दुसऱ्या भेटीत. 1985-86 बद्दल मात्र त्यांनी स्वतः विषय काढल्याशिवाय विचारू नका. मी एकदा विचारलं होतं. समोरचा माणूस उठून गोठ्याकडे गेला, आणि त्याच्या बायकोने मला आणखी कॉफी ओतली.