अंतिम विजेतेपद मिळाले नसतानाही सिएटल मॅरिनर्सच्या १९९५ च्या हंगामाला एवढे महत्त्व का दिले जाते?

आपण विचारले आहे की, सिएटल मॅरिनर्स या बेसबॉल संघाने १९९५ मध्ये केवळ आपला विभाग जिंकला, वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेपर्यंतही तो पोहोचला नाही, तरी त्या शहरातील लोक आजही त्या वर्षाबद्दल एवढ्या आत्मीयतेने का बोलतात. आणि क्रिकेटवर वाढलेल्या माणसाने ‘विभाग जिंकणे’ म्हणजे नेमके काय समजावे. त्या वर्षी फेब्रुवारीत मी नोकरीसाठी पुण्याहून सिएटलजवळच्या रेडमंड गावी आले होते आणि तो हंगाम मी जवळजवळ रोज रेडिओवर ऐकला. म्हणून थोडे सविस्तर उत्तर देते.

विभाग जिंकणे म्हणजे गटसाखळीतून बाद फेरीत जाणे, असे आपल्याकडचे कोणीही समजेल. ते चूक नाही, पण त्यातून त्या यशाचे वजन लक्षात येत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा पूर्ण हंगाम १६२ सामन्यांचा असतो. १९९४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेला खेळाडूंचा संप पुढच्या वसंतापर्यंत चिघळल्यामुळे १९९५ चा हंगाम उशिरा, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला आणि १४४ सामन्यांवर आला. तरीही संघ जवळजवळ रोज खेळतो, आज इथे तर परवा दीड-दोन हजार किलोमीटरवर, आणि पाच महिन्यांच्या या रहाटगाडग्यानंतर जो सर्वांत वर राहतो तो विभागाचा विजेता ठरतो. व्यावसायिक बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगच्या पश्चिम विभागात तेव्हा चारच संघ होते: सिएटल, कॅलिफोर्निया एंजल्स, टेक्सास रेंजर्स आणि ओकलंड अॅथलेटिक्स. तीन विभागांचे तीन विजेते आणि उरलेल्यांतील सर्वोत्तम असा एक ‘वाइल्ड कार्ड’ संघ, एवढ्या चौघांनाच पुढे जाता येत असे. एखाद्या आठवड्यातील चांगल्या खेळावर हे साधत नाही. संघातील राखीव बळ, दुखापतींतून सावरण्याची ताकद आणि कंटाळ्यावर मात करण्याचा चिवटपणा यांचीच ती परीक्षा असते.

या शर्यतीचे मोजमाप ‘किती सामने मागे’ असे केले जाते. आघाडीच्या संघाचे विजय आपल्यापेक्षा जितके जास्त आणि पराभव जितके कमी, त्या दोन्ही फरकांची बेरीज करून तिला दोनाने भागायचे. हे गणित मला शेजारच्या एका निवृत्त शिक्षिकांनी शिकवले. मी मनातल्या मनात त्यांना ‘बाई’ म्हणत असे. स्वयंपाकघरातील टेबलावर रेडिओ, शेजारी टोक केलेल्या दोन पेन्सिली आणि समोर धावसंख्येची वही, अशी त्यांची रोजची बैठक असे. त्या वहीत प्रत्येक बॅटरसाठी एक चौकट असते आणि चौकटीत मैदानाचा छोटा हिरा छापलेला असतो. खेळाडू तिन्ही बेस, म्हणजे धावताना ओळीने गाठायची ठिकाणे, पार करून धाव पूर्ण करत घरी, म्हणजे जिथे बॅटिंग केली त्या ‘प्लेट’वर, परतला की तो हिरा पेन्सिलीने काळा करायचा.

२ ऑगस्ट १९९५ रोजी मॅरिनर्स तेरा सामने मागे होते. एवढे अंतर ऑगस्टमध्ये सहसा भरून निघत नाही, आणि तिथे राहणाऱ्या माणसांना तशी आशा करण्याची सवयही नव्हती. हा संघ १९७७ मध्ये जन्माला आला, आणि जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा अधिक असा पहिला हंगाम त्याला १९९१ मध्ये पाहायला मिळाला. विभाग त्याने कधीच जिंकला नव्हता. १९९२ मध्ये तर तो फ्लोरिडाला हलवला जाण्याची वेळ आली होती, तेव्हा जपानच्या निन्टेंडो कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांच्या पैशाने तो वाचला. जुलै १९९४ मध्ये त्यांच्या किंगडोम या झाकलेल्या स्टेडियमच्या छताच्या चार जड फरशा प्रेक्षकांच्या आसनांवर कोसळल्या. दारे अजून उघडली नव्हती म्हणून अनर्थ टळला, पण स्टेडियम बंद झाले आणि संप सुरू होईपर्यंतचे सगळे सामने संघाला बाहेरगावी खेळावे लागले. पुढे दुरुस्तीच्या कामात क्रेनच्या अपघातात दोन कामगारांचा जीव गेला. अशा वर्षानंतरचा हा हंगाम होता.

त्यातही सुरुवातीलाच घाव बसला. २६ मे रोजी बाल्टिमोरविरुद्ध एक उंच चेंडू झेलण्यासाठी केन ग्रिफी ज्युनियर धावत जाऊन भिंतीवर आदळला. झेल त्याने सोडला नाही, पण डावे मनगट मोडले. शस्त्रक्रिया करून मनगटात धातूची पट्टी बसवावी लागली आणि संघाचा सर्वांत मोठा खेळाडू ७३ सामने बाहेर बसला. माझ्या मते या हंगामाचे खरे श्रेय त्या ७३ सामन्यांना आहे, कारण त्या काळात संघ जवळजवळ जितके हरला तितकेच जिंकला आणि बुडाला नाही. एडगर मार्टिनेझ याने त्या वर्षी .३५६ च्या सरासरीने, म्हणजे हजार संधींमागे ३५६ हिट (बेसपर्यंत नेणारे फटके) अशा प्रमाणात, लीगमधील फलंदाजीचा मान मिळवला. जे बुनरने ४० होम रन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले, टिनो मार्टिनेझने ३१. सहा फूट दहा इंच उंचीचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, रँडी जॉन्सन १८ सामने जिंकला आणि फक्त दोन हरला. त्याने २९४ बॅटर स्ट्राइक-आऊट, म्हणजे थेट आपल्या चेंडूंवर बाद, केले. व्यवस्थापक लू पिनेला यांनी संघाला हात टेकू दिले नाहीत. ग्रिफी ऑगस्टच्या मध्यावर परतला.

२४ ऑगस्ट ही तारीख मी कधीच विसरणार नाही. त्या दिवशी रेडमंडला विंडोज ९५ चे प्रकाशन होते आणि सगळे गाव त्याच एका गोष्टीबद्दल बोलत होते. त्याच दिवशी किंगडोममध्ये न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध, नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात), दोन आऊट झालेले असताना (तिसऱ्या आऊटला पाळी संपते) ग्रिफीने त्यांचा पिचर जॉन वेटलँडचा चेंडू प्रेक्षकांत भिरकावला आणि सामना ९-७ असा जिंकून दिला. संघ तेव्हाही अकरा-साडेअकरा सामने मागे होता. पण बाईंनी त्या रात्री वही मिटताना पेन्सिलीला नव्याने टोक केले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

दुसरीकडे एंजल्सची पडझड सुरू झाली होती. त्यांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) गॅरी डिसार्सिना ऑगस्टच्या सुरुवातीला अंगठ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. पुढे तो संघ एकदा नव्हे, दोनदा सलग नऊ-नऊ सामने हरला. सिएटलमध्ये ही गोष्ट सांगताना लोक एंजल्सना जणू विसरून जातात, आणि मला ते पटत नाही. टिम सॅमन, जिम एडमंड्स यांचा तो उत्तम संघ होता, आणि सप्टेंबरच्या अखेरीस, सगळे संपले असे वाटत असताना, त्यांनी शेवटचे पाचही सामने जिंकले. सिएटल मात्र टेक्सासमध्ये शेवटचे दोन हरले. १४४ सामन्यांनंतर दोघांचीही नोंद ७८ विजय आणि ६६ पराभव अशी तंतोतंत सारखी झाली. वाइल्ड कार्डची जागा ७९ विजय मिळवून यांकीजनी घेतली होती. म्हणजे निकाल लावण्यासाठी खेळल्या जाणाऱ्या एका जादा सामन्यात जो हरेल, त्याचा हंगाम तिथेच संपणार होता. तो सामना कुणाच्या मैदानावर व्हायचा हे नाणेफेकीने ठरले, आणि तो मान सिएटलला मिळाला.

सोमवार, २ ऑक्टोबर. किंगडोममध्ये बावन्न हजारांहून अधिक माणसे होती. सिएटलकडून जॉन्सन आणि एंजल्सकडून मार्क लँगस्टन. लँगस्टन हा मूळचा सिएटलचाच लाडका पिचर, आणि १९८९ च्या मे महिन्यात त्याला माँट्रियलला देऊन त्याच्या बदल्यात जे तीन तरुण पिचर आणले गेले, त्यांतला एक होता रँडी जॉन्सन. सहा वर्षांनी दोघे समोरासमोर उभे राहिले आणि दोघांनीही फार सुंदर गोलंदाजी केली, हे आवर्जून सांगायला हवे, कारण नंतरच्या धावसंख्येवरून ते कळत नाही. सहा इनिंग झाल्या तेव्हा सिएटलकडे फक्त एक धाव होती.

मी त्या दुपारी अर्धी सुटी घेऊन बाईंच्या टेबलाशी बसले होते. सातव्या इनिंगमध्ये माइक ब्लोअर्स, टिनो मार्टिनेझ आणि जोई कोरा यांनी तिन्ही बेस भरले, दोन आऊट झाले, आणि लुईस सोहो बॅट घेऊन आला. तो काही मोठा फटकेबाज नव्हता. त्याने मारलेला चेंडू जमिनीवरून पहिल्या बेसच्या रेषेला घासून पुढे गेला आणि रेषेलगतच्या बुलपेनमधील, म्हणजे राखीव पिचरच्या सरावाच्या जागेतील, बाकाखाली शिरला. फटका जोरकस नव्हता, पण चेंडू हाती लागेपर्यंत ब्लोअर्स आला, टिनो आला. परत आलेला चेंडू लँगस्टनने मधेच अडवून प्लेटकडे फेकला, तो प्लेटमागे उभ्या असलेल्या कॅचरला चुकवून गेला आणि कोराही आला. त्या गोंधळात सोहो धावतच राहिला. प्लेटवर धावून आलेला लँगस्टन त्याला बाद करायला झेपावला, पण उशीर झाला होता. चारही जण घरी पोहोचले आणि लँगस्टन प्लेटपाशी पाठीवर उताणा पडून छताकडे पाहत राहिला.

रेडिओवर नुसता गलका होता. बाईंनी आधी एक हिरा काळा केला, मग दुसरा, मग तिसरा, आणि चौथ्या चौकटीवर पेन्सिल धरून त्या थांबल्या. सोहोची नोंद कशी लिहायची, हे त्यांना सुचेना. दुहेरी हिट (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका), मग पिचरची चूक, मग धाव, हे सगळे त्या एवढ्याशा चौकटीत मावत नव्हते. शेवटी त्यांनी तो हिराही काळा केला आणि बाजूच्या समासात बारीक अक्षरात सारे लिहून काढले. १-० चे ५-० झाले होते. सामना ९-१ असा संपला. जॉन्सनने नऊही इनिंग स्वतः टाकल्या, तीनच हिट दिले आणि बारा बॅटर स्ट्राइक-आऊट केले.

विभाग जिंकला तो हा असा. त्या एका सामन्याची किंमतही लगेच मोजावी लागली. जॉन्सन वापरून झाल्यामुळे बाद फेरीतील यांकीजविरुद्धच्या पाच सामन्यांच्या मालिकेत तो तिसऱ्या सामन्यापर्यंत उपलब्ध नव्हता आणि सिएटल पहिले दोन हरले. मग सलग तीन जिंकले. ८ ऑक्टोबरच्या पाचव्या सामन्यात अकराव्या इनिंगमध्ये, एका धावेने मागे असताना, एडगर मार्टिनेझच्या दुहेरी हिटवर आधी कोरा आणि त्याच्या मागोमाग पहिल्या बेसपासून सुसाट धावत ग्रिफी घरी आला. सामना ६-५. सिएटलमध्ये ‘तो दुहेरी’ एवढेच म्हटले तरी पुरते. पुढे लीगच्या अंतिम मालिकेत क्लीव्हलँडने, १४४ पैकी १०० सामने जिंकलेल्या त्या वर्षीच्या सर्वांत बलाढ्य संघाने, त्यांना ४-२ असे हरवले. त्या पराभवाबद्दल कुणाला फार बोलावेसे वाटत नाही, मलाही नाही.

आता आपल्या प्रश्नाच्या मुख्य भागाकडे. त्या वेळी मालकांनी नवे स्टेडियम मागितले होते आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत त्याची तरतूद झाली नाही, तर संघ विकायला काढू, असे सांगितले होते. १९ सप्टेंबरला किंग काउंटीत, म्हणजे सिएटलच्या जिल्ह्यात, विक्रीकर एका डॉलरमागे सेंटच्या दहाव्या हिश्शाने वाढवण्याच्या प्रस्तावावर मतदान झाले, आणि तो प्रस्ताव अगदी थोड्या मतांनी पडला. संघ जाणार हे जवळजवळ ठरले होते. पण मतमोजणी चालू असताना संघ विभागाच्या माथ्यावर चढत होता, आणि ऑक्टोबरमध्ये राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशन भरवून वेगळ्या करांची तरतूद मंजूर केली. खासगी मालकांच्या स्टेडियमसाठी जनतेचा पैसा वापरावा का, आणि मतदारांनी नाकारलेली गोष्ट अशी वळसा घालून करावी का, याबद्दल तिथे तेव्हाही मतभेद होते आणि ते आक्षेप मला आजही रास्त वाटतात. परंतु त्या सप्टेंबरवाचून ते अधिवेशन भरले नसते आणि संघ सिएटलमध्ये राहिला नसता, असे मला ठामपणे वाटते. नवे स्टेडियम जुलै १९९९ मध्ये खुले झाले, किंगडोम मार्च २००० मध्ये स्फोटकांनी पाडण्यात आले, आणि नव्या स्टेडियमलगतच्या रस्त्याला आज एडगर मार्टिनेझचे नाव आहे. २००१ मध्ये याच संघाने ११६ सामने जिंकले, म्हणजे कागदावर तो हंगाम कितीतरी मोठा. तरी माणसे बोलतात ती ७८ विजयांच्या हंगामाबद्दल, कारण ११६ जिंकणारा संघ त्या शहरात होता तोच मुळी या ७८ मुळे.

आपल्याला या हंगामातले एकच काही पाहायचे असेल, तर बहुतेक जण ८ ऑक्टोबरचा ‘तो दुहेरी’ सुचवतील. मी २ ऑक्टोबरच्या सातव्या इनिंगचा उत्तरार्ध सुचवेन. पाहताना धावणाऱ्यांबरोबरच त्या बाकाकडे लक्ष ठेवा, आणि सगळे घरी पोहोचल्यावर क्षणभर प्लेटपाशी उताणा पडलेल्या लँगस्टनकडेही पाहा. सिएटलमधल्या कितीतरी माणसांनी त्याआधी पाच वर्षे त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.