प्रवाळाला हात न लावता त्याचे मोजमाप कसे होते?

प्रश्न : मी प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात प्रवाळांचे जुने, पांढरे पडलेले नमुने आहेत आणि विद्यार्थिदशेपासून मी असेच मानत आले, की प्रवाळाचा अभ्यास म्हणजे समुद्रातून तुकडा तोडून आणणे. संगणकशास्त्र शिकणारी माझी मुलगी मालवणला जाऊन आल्यापासून सांगते, की आता तोडण्याची गरज नाही, छायाचित्रांवरून संगणक सर्व मोजतो. हे कितपत खरे आहे? समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना यातले काही करून पाहता येईल काय?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे बरेचसे खरे आहे. ‘सर्व मोजतो’ एवढे मात्र म्हणता येणार नाही. आधी कायद्याची बाजू सांगतो. खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. त्यामुळे किनाऱ्यावर सापडलेला तुकडाही हौसेने उचलून आणू नये, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

प्रवाळाचा जिवंत भाग म्हणजे चुन्याच्या सांगाड्यावर पसरलेला पॉलिपांचा, म्हणजे इवल्या प्राण्यांचा, पातळ थर. श्वसन, अन्नग्रहण, ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांचे प्रकाशसंश्लेषण हे सारे त्या थरातच चालते, म्हणून अभ्यासकाला पृष्ठभागाचे क्षेत्रफळ हवे असते. संत्र्याची साल सोलून सपाट पसरली की तिचे क्षेत्रफळ काढता येते, पण फांद्याफांद्यांच्या प्रवाळाला अशी साल नाही. यासाठी पूर्वी नमुन्याभोवती अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद घट्ट लपेटून, तो उलगडून तोलत आणि वजनावरून क्षेत्रफळ काढत असत, किंवा वाळलेला सांगाडा वितळलेल्या मेणात बुडवून त्याचे वजन किती वाढले ते पाहत. मेणाच्या पद्धतीत तर प्रवाळाचे आयुष्य आधीच संपलेले असे.

आता पाणबुड्या प्रवाळाभोवती किंवा प्रवाळ खडकाच्या पट्ट्यावरून, शेतात डवरा चालवावा तशा येरझारा घालत, शेकडो छायाचित्रे घेतो. लगतच्या दोन छायाचित्रांत निम्म्याहून अधिक भाग सामाईक राहील, याची तो काळजी घेतो. आपल्या दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनांतून दिसते आणि त्यावरून खोली कळते. संगणक हेच शेकडो डोळ्यांनी करतो. अनेक छायाचित्रांत आलेले तेच तेच बिंदू तो ओळखतो, प्रत्येक छायाचित्र कोठून घेतले गेले असेल ते गणिताने ठरवतो आणि त्यातून प्रवाळाची त्रिमितीय प्रतिकृती उभी करतो. शेजारी ठेवलेल्या ठरावीक लांबीच्या पट्टीवरून त्या प्रतिकृतीला माप मिळते. पुढे क्षेत्रफळ, घनफळ, पृष्ठभागाचा खडबडीतपणा हे सारे पडद्यावर मोजता येते, आणि प्रवाळ आपल्या जागी राहतो.

माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल या शेवटच्या गोष्टीत आहे. तोडलेला तुकडा एकाच दिवसाची माहिती देतो. जागेवर राहिलेल्या प्रवाळाकडे पुढच्या वर्षी परत जाता येते, दोन प्रतिकृती एकमेकींवर ठेवता येतात, आणि कोणती फांदी वाढली, कोणती मोडली, कोठे शैवाल चढले ते दिसते. गोलसर, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटरच वाढतात, त्यामुळे मोजमापाला तेवढीच बारकाई लागते. २०२४ मध्ये समुद्र तापल्याने लक्षद्वीपच्या प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले, म्हणजे ते रंग जाऊन पांढरे पडले. विरंजन झालेला प्रवाळ पांढरा दिसला तरी मेलेला असतोच असे नाही. पाणी वेळीच निवले तर तो सावरतो. कोणता सावरला आणि कोणता गेला, हे त्याच प्रवाळाकडे पुन्हा गेल्यावाचून कळणारच नाही.

दुसरे काम ओळखण्याचे. समुद्रतळाच्या छायाचित्रावर यादृच्छिक बिंदू टाकायचे आणि प्रत्येक बिंदूखाली प्रवाळ आहे, शैवाल आहे की वाळू, ते नोंदवायचे, ही जुनी रीत आहे. एका मोहिमेतली हजारो छायाचित्रे अशी डोळ्यांनी तपासण्यात महिने जात. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेली ‘कोरलनेट’ ही प्रणाली तज्ज्ञांनी नोंदवलेल्या बिंदूंवरून शिकते आणि उरलेले बिंदू स्वतः नोंदवते. जे तिला शिकवलेच नाही ते मात्र ती ओळखू शकत नाही, म्हणून प्रजातींची जाण असलेला माणूस शेजारी लागतोच.

उणिवाही आहेत. फांद्यांच्या आतल्या सांदीत कॅमेरा पोहोचत नाही. पाण्यात काही मीटर खोलीवरच लाल रंग फिका पडतो, म्हणून छायाचित्रात रंगपट्टी ठेवावी लागते. आपल्या किनाऱ्यासारख्या गढूळ पाण्यात तर ही पद्धत लंगडी पडते. जनुकांच्या अभ्यासाला छोटा का होईना, तुकडा लागतोच.

आता आपल्या कपाटाविषयी. प्रवाळाच्या सांगाड्यात झाडाच्या खोडासारखी वार्षिक वलये असतात. एनिवेटोक या प्रशांत महासागरातील कंकणद्वीपावरच्या प्रवाळांच्या क्ष-किरण चित्रांवरून हे १९७२ मध्ये सिद्ध झाले. त्यासाठी तेव्हा सांगाडा करवतीने कापून चकत्या काढाव्या लागत. आज धंतोलीतल्या रुग्णालयांत असते तसल्या सीटी स्कॅन यंत्राने अखंड नमुन्याची आतली घनता पाहता येते. वलये मोजता येतात, आणि पोखरणाऱ्या स्पंजांनी व शिंपल्यांनी केलेली भोकेही दिसतात. म्हणून आपले नमुने टाकून देऊ नका. ते कोठून व कोणत्या वर्षी आले याची नोंद सापडली, तर तिची चिठ्ठी प्रत्येक नमुन्याला बांधा.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग सुचवतो. कॉटन मार्केटमधून एक घट्ट फुलकोबी आणावी (एका प्रवाळाला इंग्रजीत फुलकोबीचेच नाव आहे). ती स्थिर ठेवून, शेजारी मोजपट्टी मांडून, सावलीच्या एकसारख्या उजेडात भोवताली फिरत मोबाइलने साठ-सत्तर छायाचित्रे घ्यावीत आणि ‘मेशरूम’ या मोफत संगणकप्रणालीत घालून प्रतिकृती करावी. मग एक तुरा मोडून पुन्हा तेच करावे आणि दोन प्रतिकृतींतून तो तुरा किती मोठा होता ते काढावे. शेवटी मोडलेल्या तुऱ्याचे क्षेत्रफळ अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाने जुन्या रीतीने मोजावे आणि संगणकाने त्याच तुऱ्याचे किती सांगितले, ते ताडून पाहावे. दोन्ही उत्तरे जुळणार नाहीत. चूक कोठे झाली, कागदाच्या सुरकुत्यांत की कॅमेऱ्याला न दिसलेल्या सांदीत, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.