वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरे : सुरी, कोयता आणि कोर्ट

या वेळी आलेल्या पत्रांत एकाच विषयाची बरीच पत्रे आहेत. सणांचे दिवस जवळ आले की नाकाबंदी वाढते, बॅगा तपासल्या जातात आणि कुणाच्या तरी पिशवीत सुरी निघते. त्यातली चार पत्रे घेते आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा देते, कारण त्यातली तारीख जवळ आली आहे.

प्रश्न : वकीलबाई, माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा करून तो एका केटररकडे कामाला लागला. ऐरोलीतलं लग्न आटोपून रात्री एकच्या सुमारास दिघ्यावरून स्कूटरने घरी येत होता. वाटेत नाकाबंदी होती. बॅगेत तीन सुऱ्या सापडल्या, त्यातली एक १० इंची. सुऱ्या जप्त केल्या, गुन्हा दाखल झाला. कागदावर ‘म.पो.अ. ३७(१), १३५’ आणि ‘भा.ह.का. ४, २५’ असं लिहिलंय. पुढच्या महिन्यात ठाण्याच्या कोर्टात तारीख आहे. ओळखीचे सगळे म्हणतात, कबूल कर, दंड भर, मोकळा हो. काय करावं?
— एक आई, कळवा

उत्तर : ताई, आधी एवढंच ऐका. वकिलाने कागद वाचल्याशिवाय मुलाला ‘कबूल आहे’ म्हणू देऊ नका.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १३५ मध्ये, ३७(१) चा आदेश, म्हणजे ठरावीक काळ हत्यारं बाळगायला केलेली मनाई, मोडला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. कैद चार महिन्यांपेक्षा कमी द्यायची असेल तर न्यायाधीशांना त्याची कारणं लिहावी लागतात. नुसता दंड भरून सुटता येईल अशी खात्री तुम्हाला कुणीच देऊ शकत नाही. आणि दंडावर सुटला तरी ती दोषसिद्धीच असते. ठाणे स्टेशनबाहेर शहाळी विकणाऱ्या एका मुलाचा कोयता असाच जप्त झाला होता. रोजचा धंदा बुडतो म्हणून त्याने पहिल्याच तारखेला कबुली दिली. पुढे सोसायटीत रखवालदाराची नोकरी मिळत होती, ती चारित्र्य पडताळणीत अडली. माझ्याकडे तो त्यानंतर आला. तुमच्या मुलाला उद्या जहाजावर किंवा परदेशातल्या हॉटेलात काम मिळालं, तर पासपोर्टच्या वेळी हाच प्रश्न उभा राहील.

आता कागदावरची कलमं पाहू. हे दोन वेगळे कायदे आहेत आणि ते त्या सुरीबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारतात.

हत्यार कायदा, म्हणजे १९५९ चा शस्त्र अधिनियम, विचारतो की ही वस्तू बनवली कशासाठी? ‘शस्त्रा’च्या व्याख्येतून निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. या कायद्याखालच्या नियमांच्या अनुसूचीत पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले येतात. सुऱ्याही येतात, पण पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तरच. त्यातूनही घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या सुऱ्या बाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे तुमच्या मुलाची १० इंची सुरी मापात बसते, पण ती स्वयंपाकघरासाठी बनवलेली आहे. हा मुद्दा वकिलांनी सुरुवातीलाच मांडायला हवा. शिवाय कलम ४, म्हणजे अशी हत्यारं परवान्याशिवाय बाळगायला मनाई करणारं कलम, सरसकट सगळीकडे लागू नसतं. केंद्र सरकारने अधिसूचना काढून ज्या भागाला ते लावलं असेल तिथेच ते चालतं. ती अधिसूचना सरकारी पक्षाने कोर्टापुढे ठेवली आहे का, हे तपासायला सांगा.

पोलीस अधिनियमाचं कलम ३७(१) मात्र विचारतं की या वस्तूने काय करता येईल? सोटे, तलवारी, भाले, सुऱ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगायला पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक काळासाठी मनाई करू शकतात. इथे सुरी स्वयंपाकाची आहे एवढं सांगून भागत नाही. इथे सगळा भार त्या मनाई आदेशावर असतो.

म्हणून तो आदेश मागवा. माझे वडील कोर्टात बेलीफ होते. कुठलाही कागद आधी सही आणि तारखेपासून वाचायचा, ही सवय त्यांनी मला लावली. तसाच हा वाचा. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत तो लागू होता? मुलाला थांबवलं ती रात्र त्यात येते का? रात्री एक वाजता तारीख बदललेली असते, आणि आदेश मध्यरात्री संपतात, मध्यरात्री सुरू होतात. दुसरं, तो कोणाचा आदेश आहे? दिघ्यापर्यंत नवी मुंबईचे पोलीस आयुक्त, विटाव्यापासून पुढे ठाण्याचे. दोन आयुक्तालयांचे आदेश वेगळे असतात, त्यांच्या तारखा सारख्याच असतील असं नाही. अडवलं नेमकं कुठे, हे पंचनाम्यात काय लिहिलंय? तिसरं, आदेश जाहीर कसा झाला? कायद्याला तो लोकांपर्यंत पोचलेला हवा. ठळक जागी लावलेली प्रत, स्थानिक वर्तमानपत्र किंवा दवंडी, यातलं काहीतरी सरकारी पक्षाने सिद्ध करायचं असतं. चौथं, सूट कोणाला आहे ते आदेशाच्या शेवटी लिहिलेलं असतं. तोच परिच्छेद लोक वाचत नाहीत.

मग पंचनामा. सुऱ्यांच्या प्रकरणांत निम्मा खटला पंचनाम्यावर चालतो असं मी म्हणेन. ‘एकूण लांबी १५ इंच’ असं लिहून सोडून दिलेले पंचनामे मी खूप पाहिले आहेत. कायदा पात्याची लांबी विचारतो, मुठीची नाही. पातं वेगळं मोजलंय का? रुंदी लिहिलीय का? सुरीचं रेखाचित्र काढलंय का? ती लाखेने सीलबंद केली का, आणि कोर्टात आली तेव्हा सील तसंच होतं का? पंच कोण? त्या रस्त्यावरचे खरे रहिवासी, की दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या पंचनाम्यावर सही करणारे? उलटतपासणीत हे एकेक बाहेर काढता येतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करून ते दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. तुमच्या मुलाच्या वेळी चित्रण झालं का, ते त्याला विचारा. झालं असेल तर त्यात बॅग कशी उघडली, सुऱ्या कशात गुंडाळल्या होत्या, सोबत ॲप्रन होता का, हे सगळं दिसेल. ते चित्रण तुमच्याच उपयोगाचं ठरू शकतं.

तुमच्या बाजूने गोळा करायच्या गोष्टी : केटररचं कामाचं पत्र, त्या लग्नाच्या ऑर्डरची पावती, त्या दिवशी ड्युटीचा मेसेज, सुऱ्यांचं बिल असेल तर बिल, डिप्लोमाचं प्रमाणपत्र. केटरर पत्र द्यायला कचरतात, ‘आम्हाला कशाला कोर्टात ओढता’ म्हणतात. तरी मागा, पुन्हा मागा. रात्री एक वाजता सुरी का होती, याचं खरं आणि साधं उत्तर त्या पत्रात आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्ट नाक्यावर न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं. सुऱ्या मुद्देमाल म्हणून अडकल्या आहेत. त्या बंधपत्रावर परत मिळाव्यात असा अर्ज त्याच कोर्टात करता येतो. मुलाच्या हातातलं काम थांबलं असेल तर तो लगेच करा.

प्रश्न : आमच्या गटावर मेसेज फिरतोय की तीन इंचांपेक्षा मोठं पातं असलेला चाकू जवळ ठेवणं बेकायदा आहे. मी ट्रेकिंगला जातो, माझा घडीचा चाकू साडेतीन इंचांचा आहे. फेकून देऊ का?
— वाचक, वाशी

उत्तर : तो मेसेज दिल्लीचा आहे, वाशीचा नाही. दिल्ली प्रशासनाने १९८० साली एक अधिसूचना काढली होती. तिच्यात बटण दाबून किंवा तशाच यांत्रिक युक्तीने उघडणाऱ्या चाकूंसाठी ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी अशी मर्यादा घातली. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे तीन इंच. तिथून हा आकडा आला आणि देशभर फिरत राहिला.

त्या अधिसूचनेचा अर्थ लावताना २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काय केलं, ते कळण्यासारखं आहे. एका माणसाकडे बटणदार चाकू मिळाला. पातं मर्यादेपेक्षा मोठं होतं यात वाद नव्हता. पण अधिसूचनेतली मनाई तयार करण्यावर, विकण्यावर आणि विक्रीसाठी किंवा चाचणीसाठी बाळगण्यावर होती. त्याने तो विकायला ठेवला होता असं दोषारोपपत्रात कुठेच नव्हतं, म्हणून न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. फौजदारी कायद्यात शब्द जसा छापलाय तसाच वाचतात, पोलिसांच्या मनात काय होतं ते त्यात मागाहून घालता येत नाही. मला हा निकाल मनापासून पटतो.

तुमचा चाकू फेकू नका. ट्रेकला जाताना सॅकच्या तळाशी, बाकी सामानाबरोबर ठेवा. खिशात किंवा पट्ट्याला लावून स्टेशनवर फिरू नका. मनाई आदेश लागू असलेल्या दिवसांत तर नकोच, कारण ३७(१) ला तीन इंच की सहा इंच याने फरक पडत नाही.

प्रश्न : मित्राच्या वाढदिवसाला आम्ही दहा जणांनी रात्री गल्लीत तलवारीने केक कापला आणि रील टाकली. आता सगळ्यांना पोलिसांचं बोलावणं आलंय. तलवार नाटकाच्या सामानातली होती, तिला धार नव्हती. मी फक्त बाजूला उभा होतो. मी १९ वर्षांचा आहे.
— एक विद्यार्थी, घणसोली

उत्तर : तुला स्पष्टच सांगते. तलवारीचं प्रकरण सुरीसारखं नाही. तलवारीचं नाव पाचव्या वर्गात थेट आहे. घरगुती उपयोगाचा बचाव तिला नाही, केक कापला म्हणून ती केकची सुरी होत नाही.

धार नव्हती हा मुद्दा थोडा चालतो, पूर्ण चालत नाही. खेळण्याखेरीज दुसरा उपयोगच होऊ शकत नाही आणि जिचं खरं हत्यारही करता येत नाही, अशीच वस्तू कायदा वगळतो. लाकडी किंवा पत्र्याची पातळ तलवार असेल तर बोलता येईल. लोखंडाची असेल तर तिला दगडावर धार लावता येते, आणि सरकारी वकील तेच म्हणतील. ती वस्तू तज्ज्ञाने पाहावी असा आग्रह तुमच्या वकिलांनी धरावा. ज्याच्याकडून तलवार आणली त्या नाटकाचा सामानवाला साक्षीला येईल का, तेही बघा.

तू बाजूला उभा होतास, ही गोष्ट महत्त्वाची आहे. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालापासून हे ठरलेलं आहे की ‘ताबा’ म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, वस्तूची माहिती आणि तिच्यावर हुकमत. चौकटीत दिसलास म्हणून तलवार तुझ्या ताब्यात होती असं होत नाही. तो व्हिडिओ पुराव्यात आणायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याला प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर हरकत घेता येते. पण रील आता घाबरून पुसून टाकू नकोस. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा आरोप अंगावर येईल. बोलावण्याला वडिलांना किंवा वकिलांना सोबत घेऊन जा, आणि जे खरं आहे तेच सांग.

आणखी एक. त्या गल्लीत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रात्री दहा पोरं तलवार नाचवताना दिसली, तेव्हा धार आहे की नाही हे त्यांना दिसत नव्हतं. ती भीती खरी होती. कोर्टात उभा राहशील तेव्हा हे मनात असू दे.

प्रश्न : मी दिवाळे गावची. मासळी साफ करायचा कोयता आणि सुरी रोज टोपलीतून बाजारात नेते-आणते. सणाला पोलीस रिक्षा थांबवतात. माझ्यावर गुन्हा होईल का?
— एक मासळीविक्रेती, बेलापूर

उत्तर : ताई, हत्यार कायद्याची भीती नको. ती तुमच्या धंद्याची अवजारं आहेत. मनाई आदेशाच्या दिवसांत मात्र काळजी घ्या. कोयता-सुरी गोणपाटात घट्ट बांधून टोपलीच्या तळाला ठेवा, वर मासळी किंवा फळी. हातात किंवा रिक्षाच्या सीटवर मोकळी ठेवू नका. महापालिकेचा बाजार परवाना किंवा ओटल्याची पावती प्लास्टिकमध्ये घालून कमरेच्या पिशवीत असू द्या. थांबवलं तर पिशवी स्वतः उघडून दाखवा. जप्त केलीच तर पंचनाम्याची प्रत मागा, आणि त्यावर सही करण्याआधी ‘मासळी कापण्याचा कोयता’ असं त्यात लिहायला लावा. नुसतं ‘लोखंडी धारदार हत्यार’ लिहिलं असेल तर सही करू नका, ते वाक्य बदलून घ्या. तुमच्या मच्छीमार संस्थेने सणाआधी आयुक्तालयाला अर्ज देऊन विक्रेत्यांसाठी लेखी सूट मागावी. एकट्या बाईपेक्षा संस्थेच्या लेटरहेडवरचा अर्ज लवकर वाचला जातो. मसुदा मी लिहून देईन, मासिकाच्या पत्त्यावर कळवा.