रॅबिटब्रशची प्रजाती नेमकी कोणती?

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या माळांवर उन्हाळा सरता सरता पिवळंधमक होणारं झुडूप म्हणजे रॅबिटब्रश. सूर्यफुलाच्या कुळातलं. मागच्या लेखात त्याचा ओझरता उल्लेख आला आणि नावांच्या घोळावर बरेच प्रश्न आले. त्यातले काही घेतो.

प्रश्न : जुन्या पुस्तकात ‘क्रायसोथॅम्नस नॉशिओसस’ आहे, नव्यात ‘एरिकॅमेरिया नॉशिओसा’. झुडपं दोन की एक?

एकच. 1993 साली नेसम आणि बेयर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते एरिकॅमेरिया या प्रजातीत हलवलं. (नावातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा; दुसरा त्या जातीचा.) शेवटचा ‘सस’ जाऊन ‘सा’ आला, तो व्याकरणामुळे. क्रायसोथॅम्नस पुल्लिंगी, एरिकॅमेरिया स्त्रीलिंगी. आपल्याकडे ‘पिवळा’चं ‘पिवळी’ होतं, तसंच हे. ‘नॉशिओसा’चा अर्थ मळमळ आणणारं. पानं चुरडली की उग्र वास येतो. कुणाला त्यात अननस आठवतो, कुणाला रबर. खोडात रबर खरोखरच असतं, पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याची पाहणीही झाली होती.

प्रश्न : इतकी वर्षं क्रायसोथॅम्नसमध्ये सुखाने नांदत होतं. हलवायची गरज काय होती?

सुखाने म्हणवत नाही. त्याला तिथे बसवलं होतं ते मुख्यतः दिसण्यावरून. स्तबक (बारीक फुलांचा गुच्छ, जो आपल्याला एकच फूल वाटतो) अरुंद, कडेची किरणपुष्पकं (पाकळ्यांसारखी दिसणारी फुलं) गायब, आणि स्तबकाबाहेरची छदं (खवल्यांसारखी पानं) उभ्या रांगांत एकावर एक रचलेली. एरिकॅमेरियाच्या बऱ्याच जातींना किरणपुष्पकं असतात, म्हणून ती वेगळी ठेवली गेली. पण या कुळात किरणपुष्पकं गळणं ही फार स्वस्तातली गोष्ट आहे. वेगवेगळ्या शाखांत ती स्वतंत्रपणे नाहीशी झालेली दिसतात. एखादी गोष्ट ‘नाही’ म्हणून दोघांना भाऊ ठरवणं मला कधीच पटलं नाही.

खरं बिंग फोडलं ते एका संकराने. क्रायसोथॅम्नस बोलँडेराय नावाची एक ‘जाती’ होती. 1966 मध्ये दाखवलं गेलं की ती रॅबिटब्रश आणि तेव्हा हॅप्लोपॅपस या तिसऱ्याच प्रजातीत गणल्या जाणाऱ्या एका झुडपाची संतती आहे. तो दुसरा पालक आज एरिकॅमेरियातच आहे. म्हणजे दोन प्रजातींमधला म्हणून नोंदलेला हा संकर निघाला घरातल्या घरातला! पुढे 2003 मध्ये रॉबर्ट्स आणि अर्बॅश यांनी डीएनएच्या आधारे एरिकॅमेरियाची वंशावळ मांडली, तिच्यातही रॅबिटब्रश एरिकॅमेरियातच बसलं.

प्रश्न : सर्वांत प्रसिद्ध झुडूप गेलं, मग क्रायसोथॅम्नस हे नाव रद्द का झालं नाही?

कारण नाव प्रसिद्धीला बांधलेलं नसतं, प्रारूपाला बांधलेलं असतं. प्रजातीचं नाव एका ठरावीक जातीला खुंटीसारखं अडकवलेलं असतं, बाकीच्या जाती आल्या-गेल्या तरी ती खुंटी हलत नाही. इथे ती व्हिसिडिफ्लोरस या चिकट फुलांच्या जातीच्या गटात आहे. तो गट जिथे, तिथे क्रायसोथॅम्नस. क्रायसोथॅम्नसमधल्या आणखी काही जाती 2005 मध्ये लोरँडरसोनिया या नव्या प्रजातीत गेल्या. हे नाव लोरन अँडरसन यांच्या सन्मानार्थ आहे. क्रायसोथॅम्नसवर आयुष्य घालवलेल्या माणसाचं नाव त्यातूनच फुटून निघालेल्या प्रजातीला मिळालं, याची मला थोडी गंमत वाटते.

प्रश्न : हॅप्लोपॅपस मध्येच कुठून आलं?

वनस्पतिशास्त्रज्ञ हार्वी हॉल यांनी 1928 मध्ये हॅप्लोपॅपसची मोट फार मोठी बांधली होती, एरिकॅमेरिया तिचा एक विभाग होता. ती मोट सुटली. आज हॅप्लोपॅपस दक्षिण अमेरिकेपुरतं उरलं आहे.

प्रश्न : माळावर रॅबिटब्रश आणि व्हिसिडिफ्लोरस शेजारी उभी असली तर ओळखायची कशी?

फुलं सोडा, कोवळी फांदी धरा. तिच्यावरून नख हळूच ओढा. रॅबिटब्रशच्या फांदीवर दाट लव नमद्यासारखी चिकटलेली असते. ती नखाखाली खरवडून येते आणि खालची हिरवी साल उघडी पडते. कधी ही लव इतकी दाबून बसलेली असते, की फांदी गुळगुळीतच वाटते, म्हणून नुसतं बघून चालत नाही. व्हिसिडिफ्लोरसला असा नमदा नसतो, आणि तिची पानं बहुधा पीळ दिल्यासारखी वळलेली असतात.

प्रश्न : आमच्या वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातल्या, नावांच्या जुन्या चिठ्ठ्या बदलू का? आणि प्रकारापर्यंत (जातीच्या खालच्या पातळीपर्यंत) ओळख लिहायलाच हवी का?

जुनी चिठ्ठी काढू नका. तिच्या शेजारी नवी डकवा आणि त्यावर नाव, तारीख, सही घाला. एकाच कागदावर तीन-चार चिठ्ठ्या असलेले नमुने मी पाहिले आहेत. कुणाचं मत कधी बदललं ते त्यावरून कळतं. प्रकारांचं म्हणाल तर या एका जातीचे वीसहून अधिक प्रकार मानले जातात आणि ते छदांची लव, पानांची रुंदी असल्या बारकाव्यांवर ठरतात. फुलोरा नीट वाळवलेला नसेल, तर जातीवर थांबा.