पाडव्याचा मुहूर्त दसऱ्यावर न्या

प्रश्न : मी ४४ वर्षांची, कोल्हापुरात एका राष्ट्रीयीकृत बँकेत सीनियर मॅनेजर आहे. जानेवारी २००७ मध्ये प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागले. गेली आठ वर्षं लघुउद्योगांची कर्जं पाहते. २०२६ च्या गुढीपाडव्याला राजीनामा देऊन लघुउद्योजकांची बिझनेस कोच म्हणून काम सुरू करायचं आहे. बढती आली की बदली ठरलेली, आणि मुलगी अकरावीत आहे. एका संस्थेचा कोचिंगचा सर्टिफिकेट कोर्स आहे, फी ५ लाख अधिक जीएसटी. राजारामपुरीत छोटं ऑफिसही पाहिलंय, डिपॉझिट आणि फर्निचर धरून साडेपाच लाख लागतील. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून ३६ लाख मिळतील, पेन्शनही सर्व्हिसच्या प्रमाणात मिळेलच. ठेवी ९ लाखांच्या. हातात पगार १ लाख १५ हजार, यजमानांचा ५८ हजार. घरखर्च ७५ हजार, स्टाफ होम लोनचा हप्ता २१ हजार, बाकी २८ लाख. यजमानांना मधुमेह आहे. धाकट्याच्या वेळी मी पाच महिने बिनपगारी रजा घेतली होती. निर्णय बरोबर आहे का?

उत्तर : ताई, काम तुम्ही योग्य निवडलंय, पण तारीख चुकलीय. आणि ती चूक फार महागात पडेल अशी आहे.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य म्हणजे ‘पेन्शनही प्रमाणात मिळेलच’. ती मिळणार नाही. तुम्ही १ एप्रिल २०१० च्या आधी लागलात, म्हणजे एनपीएसमध्ये (नव्या पेन्शन योजनेत) नाही, बँकेच्या जुन्या पेन्शन योजनेत आहात. ती योजना १९९५ च्या नियमावलीवर चालते आणि त्या नियमावलीत राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजीनामा दिला की मागची सगळी सेवा पेन्शनसाठी बाद होते. वीस वर्षांची पात्र (पेन्शनसाठी मोजली जाणारी) सेवा पूर्ण करून, तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन सुरू होते. पाडव्याला तुमची एकोणीस वर्षं आणि वर दोन महिने होतात. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदपत्रांतली एकेक ओळ तपासणारी माणसं स्वतःच्या सर्व्हिस रूल्सचं पुस्तक कधी उघडत नाहीत. बँकेतल्या कितीतरी मंडळींच्या बाबतीत मी हे पाहिलंय.

रक्कम किती, ते बघू. पूर्ण तेहतीस वर्षं झाली तर शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन बसते. तुमचं मूळ वेतन एक लाखाच्या आसपास असावं. वीस वर्षांना त्याच्या निम्म्याचे वीस तेहतिसांश, म्हणजे महिन्याला साधारण ३०,३०० रुपये. वर महागाई भत्ता, जो पुढे वाढत जातो. (स्वेच्छानिवृत्तीत काही वर्षं वाढवून धरण्याची तरतूद आहे. ती मी हिशेबात घेतलेली नाही. मिळाली तर वरकमाई समजा.) महागाई भत्ता बाजूला ठेवला तरी वर्षाला ३ लाख ६३ हजार रुपये होतात. साडेसहा टक्क्यांच्या ठेवीतून एवढं व्याज यायला छप्पन्न लाखांच्या आसपास ठेव लागेल. पाडव्याचा मुहूर्त साधायला तुम्ही ही ठेव सोडून निघाला होतात.

आता ती पाच महिन्यांची बिनपगारी रजा. पात्र सेवा मोजताना अशी रजा सहसा धरत नाहीत. मंजुरीच्या वेळी ती सेवेत धरण्याचा आदेश झाला असेल तरच धरतात. तो आदेश तुमच्या फाइलमध्ये नसेल तर वीस वर्षं जानेवारी २०२७ ला न होता जून २०२७ ला होतील. म्हणून मी दसरा म्हणतो, २०२७ चा. एचआरकडून पात्र सेवेचा आकडा लेखी घ्या, तोंडी नको. आणि त्याच पत्रात विचारून टाका की निवृत्तीनंतर अशी सल्लागारी करायला बँकेची परवानगी लागते का, आणि लागत असेल तर किती काळ.

बदलीची तुमची भीती खोटी नाही. पण बढतीच्या प्रक्रियेत भाग घ्यायलाच हवा असं नाही. या वेळी नाव देऊ नका. तरीही बदली झालीच, तर वर्षभर तुम्ही एकीकडे आणि घर एकीकडे, याची किंमत छप्पन्न लाखांशी तोलून बघा. हा हिशेब नुसता पैशांचा नाही, हे मला कळतं. अकरावी-बारावीच्या मुलीची आई दुसऱ्या गावात, हे मी कागदावर सोडवू शकत नाही. ते तुम्ही दोघांनी बसून ठरवा. फक्त पेन्शनचा आकडा समोर ठेवून ठरवा.

आता तुमच्या कामाकडे. कोल्हापुरात कोच म्हटलं की लोकांना फुटबॉल आठवतो, नाहीतर तालमीतला वस्ताद. वस्ताद स्वतः लाल मातीत लोळलेला असतो म्हणून त्याचं ऐकतात. तुमची लाल माती म्हणजे स्टॉक स्टेटमेंट, कारखानदार बँकेला देतो तो माल आणि येण्यांचा तक्ता. तुम्ही पत्रात उद्यमनगरातल्या एका मशीनशॉपवाल्याची हकिगत लिहिलीय. तो लिमिट (बँकेतून उचलता येणाऱ्या खेळत्या कर्जाची मर्यादा) वाढवून मागायला आला होता. तुम्ही त्याला कुणाकुणाकडून पैसे येणं आहे ती यादी समोर ठेवली आणि पेन्सिलीने एका नावाखाली रेघ मारली : पुण्याचा एकच मोठा खरेदीदार, ११ लाख रुपये, १२० दिवसांच्या वर. नव्वद दिवसांपुढची येणी तुम्ही ड्रॉइंग पॉवरमध्ये (माल आणि येण्यांवरून किती उचलता येईल, त्या आकड्यात) धरतच नाही. म्हणजे माल गेला, पैसे अडकले, लिमिटही आटली. साडेदहा टक्क्यांच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे त्याच खेळत्या कर्जावर, ११ लाखांचं व्याज वर्षाला १ लाख १५ हजार. तो माणूस लिमिट वाढवायला आला होता, खरं तर त्याला वसुलीची गरज होती.

हे पाच मिनिटांचं काम तुम्ही फुकट केलंत. बाहेर पडल्यावर हेच तुमचं दुकान. महिन्याला ८ हजार फी लावलीत तर वर्षाचे ९६ हजार होतात आणि त्या एका रेघेने मालकाचे त्याहून जास्त वाचतात. फीचं समर्थन यापेक्षा सोपं मला सुचत नाही. शिवाय शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या कितीतरी कारखानदारांना आयकराच्या १९६१ च्या कायद्यातल्या ४३बी(एच)चं नाव माहीत असतं, वापर करता येत नाही. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिले पाहिजेत. नाहीतर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. एप्रिल २०२४ पासूनची ही तरतूद आहे. उशिराबद्दल व्याज मागण्याचा हक्क तर त्याआधीपासून कायद्यात आहेच. पण गिऱ्हाईक तुटेल या धास्तीने कुणी चकार शब्द काढत नाही. कुणाला नोटीस द्यायची, कुणाला फक्त मार्चच्या आधी एक गोड फोन करायचा, हे सांगणारं माणूस लोकांना हवं आहे.

मग पाच लाखांचा कोर्स कशाला? भारतात कोच म्हणवून घ्यायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र आहे. त्यालासुद्धा किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, त्यातले ७५ तास फी घेऊन केलेले. म्हणजे प्रमाणपत्राच्या आधी गिऱ्हाईक पाहिजेच. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात ‘पहिल्या वर्षी बारा क्लायंट’ असं छापलंय, पण ते कुणी, कुठल्या गावात, किती फीने मिळवले याची ओळ नाही. जत्रेत नारळवाल्याचा धंदा कधी बुडत नाही, तसं कोच घडवणाऱ्यांचं आहे. वरचे ९० हजार जीएसटीचे तर निव्वळ गेले, कारण तुमची नोंदणी नाही आणि त्याचं क्रेडिट (पुढच्या जीएसटीतून वजावट) तुम्हाला मिळणार नाही. ऐकायचं कसं, प्रश्न कसे विचारायचे, हे शिकण्यासारखं आहे, नाही असं नाही. त्यासाठी एखादी दोन-चार दिवसांची कार्यशाळा करा, नंतर फीमधून पुढचं शिका.

ऑफिसही नको. तुमचं काम त्यांच्या शेडमध्ये, त्यांच्या टेबलावर, वही उघडून बसण्याचं आहे. राजारामपुरीत काचेच्या केबिनमध्ये तुम्ही बसलात तर कारखानदाराला पुन्हा बँकेत आल्यासारखं वाटेल.

एक कडू गोष्ट सांगतो. ‘मॅडम, तुम्ही बाहेर पडा, पहिलं गिऱ्हाईक आम्ही’ असं सहा-सात जणांनी म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. या सगळ्यांच्या लिमिटचं नूतनीकरण तुमच्या सहीने होतं. सलाम खुर्चीला असतो. यातले दोन खरे निघाले तरी मी चांगलं समजेन. आणि ते दोघेही आधी विचारतील, ‘मॅडम, सल्ला राहू दे, कर्ज करून द्या, एक टक्का देतो.’ गावात सल्ल्याला पैसे मोजायला जड जातं, मंजुरीला नाही. टक्का एकदा घेतलात की तुम्ही एजंट झालात. मग ‘कर्ज घेऊ नका, आधी वसुली करा’ हे तुमच्या तोंडून कुणी ऐकणार नाही, आणि तुम्हालाही ते म्हणवणार नाही. तसंच उरलेले पैसे कुठल्या फंडात टाकायचे हे सांगायलाही जाऊ नका, त्याला सेबीची नोंदणी लागते.

आता घरचा हिशेब. नोकरी सुटली की स्टाफ लोनची सवलत सहसा जाते. २८ लाख आठ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी धरले तर हप्ता २१ वरून २६,८०० च्या आसपास जातो. घरखर्च धरून १ लाख १ हजार ८००. यजमानांचे ५८ हजार वजा करा, दरमहा ४३,८०० चा खड्डा. आता पहिल्या वर्षाची कमाई. दोन क्लायंटपासून आठपर्यंत गेलात तर सरासरी साडेचार धरू. आठ हजारांच्या फीने वर्षाचे ४ लाख ३२ हजार. त्यातली काही फी बुडेल, पेट्रोल आणि फोन आहे, हातात तीन लाख राहिले तर मी खूश होईन. म्हणजे महिन्याला २५ हजार. पाडव्याला निघालात तर दरमहा १९ हजार कमी पडतात आणि पेन्शन कायमची गेलेली. पेन्शन घेऊन निघालात तर खड्डाच १३,५०० चा राहतो आणि पहिल्याच वर्षी भरून वर काही उरतं. मग नको असलेल्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायची ताकद येते. या व्यवसायात ती लागते. स्वेच्छानिवृत्तीत होम लोन स्टाफच्या दराने चालू राहतं का, तेही बँकेच्या परिपत्रकात पाहा.

आरोग्य विम्याचं मात्र दसऱ्यापर्यंत थांबवू नका. यजमानांचा मधुमेह आहे म्हणजे आधीच्या आजाराचा खर्च विम्यातून मिळेपर्यंतची प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते. बँकेची ग्रुप पॉलिसी आहे तोवर घराची स्वतंत्र पॉलिसी काढा, प्रतीक्षेचे दिवस आत्तापासून मोजायला लागतील. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही.

मधल्या काळात पैसे घेऊन कुणाला सल्ला देऊ नका. बँकेच्या आचारनियमांत ते बसत नाही, आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टेबलावर असताना चौकशी लागणं परवडणारं नाही. ग्राहकांची माहितीही बाहेर नेऊ नका, वहीत लिहूनसुद्धा. मात्र स्वतःची पद्धत बसवा : मालकाने दर सोमवारी भरायचा एक पानाचा मराठी तक्ता, येणं किती, देणं किती, या आठवड्याचा पगार आणि लाइट बिल कुठून. शक्य झालं तर दरमहा ४० हजार बाजूला टाका. सोळा महिने टाकलेत तरी ६ लाख ४० हजार होतील आणि ९ लाखांना हात लावावा लागणार नाही. ३६ लाखांतला एक रुपयाही धंद्यात घालू नका, धंद्याला त्याची गरजच नाही. पेन्शनचा तिसरा हिस्सा विकून एकरकमी पैसे घेता येतात, तो मोहही टाळा.

सुरू केल्यावरचे कागद थोडेच आहेत. उद्यम नोंदणी फुकट होते, ती पहिल्याच दिवशी करा, म्हणजे तुमच्या फीलाही ४५ दिवसांचा नियम लागू होईल. व्यवसाय कर वर्षाला २,५००. जीएसटी वार्षिक २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नाही. अनुमानित उत्पन्नाची सवलत (पूर्ण हिशेब न ठेवता ठरावीक टक्के उत्पन्न धरून कर भरण्याची) कोचच्या कामाला कुठल्या कलमाखाली बसते, यावर सीएंमध्ये दोन मतं पडू शकतात, तुमच्या सीएला पहिल्या वर्षीच विचारा.

उद्या एचआरला ते पत्र लिहा. उत्तर यायला महिना लागेल. तोवर कोर्सवाल्यांच्या ‘अर्ली बर्ड’ सवलतीची मुदत उलटून गेली तर जाऊ द्या.