डाव उलटला की वडा

तुम्ही लिहिलंय की साधं शब्दकोडं चहा संपेपर्यंत सुटतं, पण गूढ कोड्याचं (इंग्रजीतलं 'क्रिप्टिक क्रॉसवर्ड') उत्तर समोर असूनही ते कुठून आलं कळत नाही. याचं कारण म्हणजे तुम्ही सूचक वाक्य, म्हणजे उत्तराचा 'क्लू', सरळ वाचताय. ते फोडायचं असतं.

'पत्नीचं डोकं थंड ठेवतो, महिनाअखेरीस येतो (३)' हेच घ्या. कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं. वाचताच संसार डोळ्यांपुढे येतो आणि आपण फसतो. उत्तराचा अर्थ वाक्याच्या एका टोकाला असतो. इथे तो शेवटी आहे: महिनाअखेरीस येतो. राहिलं काय? 'पत्नी'चं डोकं म्हणजे 'प', थंड म्हणजे 'गार'. पगार! बायकोला ऐकवलं, तर म्हणाली, "मग खोटं काय आहे त्यात?"

इंग्रजी कोडी सोडवून आलेले मराठीत एका ठिकाणी हमखास अडकतात. आपल्या एका घरात आख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरालाही एकच घर. 'डाव उलटला, मग तळून खाल्ला (२)' यात 'डा'चा काना 'डा'बरोबरच फिरतो, म्हणून वडा. 'गडबडीत विकता? ती सुचावी लागते (३)' यात वि, क, ता नुसते जागा बदलतात आणि कविता होते. 'वि'ची वेलांटी काढून 'क'ला द्यायची नाही.

उलटला, गडबडीत, आत, पोटात असे शब्द दिसले की कान टवकारा. 'पसरा फडकं, आत बसलाय सोनं विकणारा (३)' यात तर उत्तर छापूनच दिलंय, फक्त दोन शब्दांत तुटलंय. इंग्रजीत १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश वृत्तपत्रात कोडी रचणाऱ्या एडवर्ड पॉइस मॅथर्सनं टोपणनावच 'टॉर्केमाडा' घेतलं होतं, स्पेनमधल्या छळासाठी बदनाम धर्माधिकाऱ्याचं. छळायचं हे उघडच ठरलेलं, पण वाटेत खुणा ठेवून.

एका शब्दाचे दोन अर्थ वापरतात तिथे मात्र आपण इंदूरवाले जन्मतः पुढे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. रामबागेत शेजारच्या काकू अभिमानानं म्हणायच्या, "हमने बच्चों को अच्छी शिक्षा दी," आणि मला त्या पोरांची फार दया यायची. परवा त्याचंच सूचक वाक्य केलं: 'हिंदीत शाळेत मिळते, मराठीत शाळा बुडवल्यावर (२)'.