तिकडं गेल्यावर मी नर्स राहीन का?

तुझा मेसेज दोनदा वाचला. मिरजेच्या आयसीयूत चार वर्षं काढलीस, ओईटी ही इंग्रजीची परीक्षा सुटली, सीबीटी ही संगणकावरची नर्सिंगची परीक्षा झाली, आणि आता विचारतेस, "ताई, इंग्लंडला गेल्यावर मी नर्स राहीन की नुसती अंग पुसणारी बाई? आणि ओस्कीतल्या, म्हणजे तिथल्या प्रात्यक्षिक परीक्षेतल्या, एथिक्सच्या प्रश्नांना काय पाठ करू?"

अंग पुसशील गं. बेडपॅनपण देशील. आपल्याकडं ही कामं मावशींची, नाहीतर उशाशी बसलेल्या सुनेची. इथं वॉर्डात नातेवाईक मुक्कामाला नसतात. मदतनीस असतात, पण पाठीवर बेडसोअर सुरू होतोय हे अंघोळ घालताना माझ्याच डोळ्यांना दिसलेलं बरं, हे मला वर्षभरानं पटलं. खरा त्रास दुसराच होतो. तुला जे येतं ते करू देत नाहीत. मिरजेत मी अंधारात व्हेन शोधायची. इथं त्यांचं प्रशिक्षण होऊन सही मिळेपर्यंत कॅन्युलाला, म्हणजे शिरेत घालायच्या नळीला, हात लावू दिला नाही. पिन नंबर, म्हणजे नर्स म्हणून नोंदणीचा नंबर, येईपर्यंत बऱ्याच ठिकाणी पगाराची पायरी बँड ४, नंतर ५. आणि 'सिस्टर' ही हाक विसर. इथं सिस्टर म्हणजे वॉर्डची प्रमुख. तुला नावानं हाक मारतील, आणि तूही डॉक्टरला नावानंच मारायचीस. मला त्याला सहा महिने लागले.

आता एथिक्स. ओस्कीत दहा स्टेशनं. त्यातली दोन लेखी, आणि त्या दोनांतलं एक मूल्यं आणि वर्तनाचं. एनएमसीचा, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलचा, कोड वाच, चारच भाग आहेत. पण पाठांतरानं फार तर परीक्षा निघेल. माझं काय झालं ते सांगते.

सांगलीत असताना तासगावकडचे एक आबा होते. मुलगा दारातच म्हणाला, "कॅन्सर म्हणू नका, गाठ म्हणा." मी गाठ म्हटलं. एका रात्री आबांनी विचारलं, "शिस्टर, खरं सांगा, काय झालंय मला?" मी सलाईनचा वेग बघत राहिले. डॉक्टरांनी सांगितलं नाही, मुलगा नको म्हणतो, मी कोण सांगणार? तेव्हा हे मला शहाणपण वाटलं होतं.

इथं आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एक म्हातारे आले, शुगरनं पाय काळा पडलेला. सर्जन म्हणाले, पाय काढावा लागेल. ते नको म्हणाले, शांतपणे, सगळं समजून. संध्याकाळी लेक भेटायला आली. मी तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि म्हटलं, "तुम्ही जरा समजवा ना बाबांना." तिला ऑपरेशनचं काही माहीतच नव्हतं. त्यांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वॉर्ड सिस्टरनं खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "तिला सांग असं त्यांनी तुला सांगितलं होतं?" इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ चा मेंटल कपॅसिटी कायदा आहे. सज्ञान माणसाला निर्णय घेता येतो असं धरूनच चालायचं. निर्णय आपल्याला अविचारी वाटला म्हणून त्याला कळत नाही असं म्हणता येत नाही. लेक असो की बायको, स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाच्या वतीनं उपचारासाठी सही करायचा हक्क कुणालाच नाही. मी त्या म्हाताऱ्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "पाय माझा आहे." पुढं दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

इथलं सगळं बरोबर आणि आपलं सगळं चूक असं मी म्हणत नाही. उशाशी कुणी नसताना गेलेली माणसं मी इथं पाहिलीत, तेव्हा आबांच्या पायाशी बसलेलं अख्खं घर आठवतं. पण आबांनी विचारलं होतं मला. मुलाला नव्हे.

चूक झाली तर तिचंही तसंच. एकदा रात्री आठचा अँटिबायोटिकचा डोस राहिला, बाराला लक्षात आलं. जुनी सवय म्हणाली, देऊन टाक, वेळ आठची घाल. हात तिथवर गेलाही होता. मग डॉक्टरला कळवलं, नोंद केली, आणि पेशंटला स्वतः सांगितलं. इथं ते सांगणं कर्तव्यात मोजतात, आणि लपवलेलं सापडलं तर मूळ चुकीपेक्षा जड जातं. "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून केलं" हेही चालत नाही. ऑर्डरमध्ये डोस चुकीचा दिसला तर थांबवून विचारायचं. मिरजेत सरांना असं विचारलं असतंस का? आत्तापासून विचारायला लाग, सवय होऊ दे. शिव्या बसतील थोड्या.

दर तीन वर्षांनी रीव्हॅलिडेशन, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, असतं: ४५० तास काम, ३५ तास शिक्षण, आणि स्वतःच्या कामावर पाच लेखी टिपणं. माझं पहिलं टिपण त्या पायावरच होतं.

आणि एजंट नोकरी लावून देण्याचे पैसे मागत असेल तर तिथंच उठ. इथल्या भरतीच्या नियमात उमेदवाराकडून फी घेता येत नाही. "आधी केअरर म्हणून जा, मग नर्स हो" म्हणणाऱ्यालाही नमस्कार कर. करार हातात आला की सही करायच्या आधी मला पाठव. लवकर नोकरी सोडली तर किती पैसे परत द्यायचे, ते पान आपण आधी बघू.